मदत हवी आहे: 'छोटी सी बात' १९७६ मध्ये थिएटरात पाहिलेलं कुणी इथे आहे का?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत (डोंबिवली) महिन्यातून एकदा आम्ही जुना सिनेमा एकत्र बसून बघतो आणि मग तासभर गप्पा होतात. यंदा 'छोटी सी बात'ला ५० वर्षं झाली, म्हणून पुढच्या महिन्यात तोच ठरलाय. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलंय. सिनेमाची माहिती बरीच जमवली, पण जे खरं हवंय तेच मिळत नाहीये.

माझी आई तेव्हा फोर्टातल्या एका खासगी कंपनीत टायपिस्ट होती. लालबागहून बसने जायची. हा सिनेमा तिने ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर पाहिला आणि पुढे कायम ती त्याला 'आमचा सिनेमा' म्हणायची. 'शोले'चे संवाद तिला पाठ होते, पण 'शोले' कधी 'आमचा' झाला नाही. असं का, हे मी तिला विचारलंच नाही. गेल्या वर्षी आई गेली.

परवा तयारी म्हणून लेकीबरोबर सिनेमा परत लावला. ती १९ वर्षांची आहे. अर्ध्या तासात म्हणाली, "आई, हा रोज तिच्या मागे मागे ऑफिसपर्यंत जातो. यात गोड काय आहे?" मी म्हटलं, अगं, नायिकेला, प्रभाला ते ठाऊक असतं, तिला ते आवडतं, मैत्रिणीशी ती त्याबद्दल बोलते, आणि नायक अरुण दिसेनासा झाला की स्टॉपवर तिचेच डोळे त्याला शोधतात. त्यावर लेक म्हणाली, "हे आपल्याला दाखवलं म्हणून आपल्याला कळलं. त्याला कुठे माहीत होतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. आणि त्या दिवशी जमणाऱ्यांत निम्म्या आईच्या वयाच्या बायका असतील नि निम्म्या लेकीच्या वयाच्या मुली.

म्हणून मला त्या वेळचं माणसांचं म्हणणं हवंय. समीक्षकांचंही चालेल, पण त्याहून जास्त रोज बसच्या रांगेत उभं राहून नोकरीला जाणाऱ्या बायकांचं. त्यांना अरुण कसा वाटला होता?

माझ्याकडे काय आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला तेच परत लिहावं लागणार नाही. दिग्दर्शक बासु चटर्जी, निर्माते बी. आर. चोप्रा. बासुदा 'ब्लिट्झ' साप्ताहिकात अठरा वर्षं व्यंगचित्रं काढायचे, आणि प्रभाच्या मित्राची, नागेशची पिवळी स्कूटर किंवा अरुणच्या गळ्यात मारलेली ती बिघडकी मोटारसायकल बघताना ते जाणवतं. मूळ कल्पना 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या १९६० च्या इंग्रजी सिनेमाची. पटकथेसाठी बासुदांना फिल्मफेअर मिळालं. अमोल पालेकरांचे 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' हे तिन्ही सिनेमे मुंबईत लागोपाठ रौप्यमहोत्सवी झाले. 'छोटी सी बात' आला तो 'शोले' मिनर्व्हा थिएटरात जोरात चालू असताना, आणीबाणीच्या दिवसांत. मला याचं फार अप्रूप वाटतं. एकीकडे पडद्यावर बंदुका, आणि दुसरीकडे मुलीशी दोन शब्द बोलायचं धाडस होत नाही म्हणून खंडाळ्याला कर्नल ज्यूलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंगकडे शिकायला जाणारा कारकुनी चेहऱ्याचा माणूस. त्याच कर्नलकडे खुद्द अमिताभही सल्ला घ्यायला येतो! ते दृश्य आलं की आई दरवेळी टाळी द्यायची.

तर मदत अशी हवी आहे: तुम्ही, तुमच्या आईने, मावशीने, सासूबाईंनी तेव्हा हा सिनेमा पाहिला असेल तर काय आठवतं ते लिहा. नावडला असेल तर तेही लिहा. कुठल्या थिएटरला पाहिला तेही सांगा. आणि तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती किंवा परीक्षणं कुठे बघायला मिळतील?

प्रतिसाद १

परीक्षणांसाठी दोन जागा. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. तिथे पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका, कात्रणं असतात. डोंबिवलीहून दादर जवळ पडेल, तेव्हा आधी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात चौकशी करा.

जाहिराती बघताना जानेवारी ते जुलै १९७६ चे शुक्रवारचे अंक सलग चाळा. जाहिरातीची चौकट किती मोठी, किती थिएटरांची नावं, 'आठवडा कितवा' आणि खेळ किती, हे दर शुक्रवारी टिपून ठेवा. रौप्यमहोत्सव म्हणजे २५ आठवडे, पण ते रोज तीन खेळांचे की शेवटी एका थिएटरात एकाच खेळावर आलेले, यात खूप फरक असतो. लोकांनी सिनेमा कसा उचलून धरला ते त्या आकसत जाणाऱ्या चौकटीतून परीक्षणापेक्षा जास्त कळतं.

आणि दूरदर्शन विसरू नका. आमच्या चाळीत ज्यांनी हा सिनेमा 'तेव्हा पाहिला' म्हणून सांगितलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो पुढे कधीतरी रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला होता. आठवणी विचारताना थिएटर की टीव्ही, हे आधी विचारून घ्या.

प्रतिसाद २

तुमचा धागा वाचला आणि दुपारची झोप गेली. मी ७४ वर्षांची आहे. तेव्हा चर्चगेटजवळ एका विमा कंपनीत होते. लग्न व्हायचं होतं.

आईंनी 'आमचा' का म्हटलं असेल ते मी माझ्यापुरतं सांगते. तोवर सिनेमातली नोकरी करणारी मुलगी म्हणजे एकतर बिचारी, घरात आजारी वडील आणि तीन भावंडं, नाहीतर वाईट चालीची. प्रभा तशी नव्हती. ती आमच्यासारखी साधी प्रिंटेड साडी नेसायची, खांद्याला पर्स लावायची, बसची वाट बघायची, आणि तिच्या नोकरीबद्दल कुणी रडत नव्हतं. दुपारच्या सुट्टीत ती मित्राबरोबर जहांगीर आर्ट गॅलरीतल्या 'समोवार' कॅफेत जाऊन बसते, आणि त्यावरून आकाश कोसळत नाही. आम्हीही कधीतरी पगाराच्या दिवशी तिथे जायचो. पडद्यावर ती जागा दिसली तेव्हा आमची अख्खी रांग ओरडली होती.

आता अरुणबद्दल. तुमच्या लेकीला सांगा, पर्समध्ये सेफ्टी पिन आम्हीही ठेवायचो. गर्दीचा फायदा घेणारे पुरुष आम्हाला रोज भेटायचे. त्यांच्यापुढे हा हातभर लांब उभा राहणारा, नजरेला नजर मिळाली की गडबडून जाणारा माणूस आम्हाला सुखाचा वाटला. शेवटी प्रभावर कर्नलचा शेवटचा डाव टाकायची वेळ येते तेव्हा त्याचा हात धजावत नाही, ते तर फारच आवडलं होतं.

पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आम्ही पाच जणी गेलो होतो. मध्यंतरात आम्ही चौघी हसत होतो आणि एक गप्प होती. तिच्यामागे एक माणूस सहा महिने परळपर्यंत येत होता. तोही काही बोलायचा नाही. त्याच्या मनात काय आहे हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती पाऊण तास आधी घर सोडायला लागली होती. आम्हाला हे तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी आम्ही तिला "तुला विनोद कळत नाही" म्हणालो होतो. ते मला अजून टोचतं.

तुमच्या लेकीचा प्रश्न तिला तेव्हाच पडला होता.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. तुमच्या मैत्रिणीचा भाग आला तेव्हा ती मोबाईल बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसली. मग विचारलं, "आजीच्या मैत्रिणींतही कुणी गप्प होती का गं?" ते सांगायला आता कुणी नाही.

तुमची परवानगी असेल तर त्या दिवशी, सिनेमा सुरू व्हायच्या आधी, तुमचं हे लिखाण नाव न सांगता जसंच्या तसं वाचेन. पाच जणींच्या रांगेचा भागही आणि मध्यंतराचाही. मी स्वतः मग फार बोलणार नाही. आणि मैत्रिणीशी तुमचा अजून संपर्क असेल तर तिलाही आधी विचाराल का? तिची गोष्ट आहे. ती नको म्हणाली तर तेवढा भाग गाळते. तुम्हाला व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.

पहिल्या प्रतिसादातल्या दादांचेही आभार. शुक्रवारच्या चौकटींची कल्पना मला सुचलीच नसती. टीव्हीची आठवणही योग्य वेळी केलीत. आमच्या गटातल्या दोघींना लगेच फोन केला, तर दोघींनीही तो टीव्हीवरच पाहिलेला निघाला.

पुढच्या आठवड्यात दादरला जाऊन फाइली मिळतात का बघते. जानेवारी ते जुलै, सात महिन्यांचे शुक्रवार म्हणजे तीस-एकतीस अंक होतात. दादरजवळ राहणारं कुणी सोबत येणार असेल तर सांगा, एकीने पानं उलटायची आणि एकीने लिहून घ्यायचं, असं लवकर उरकेल.