मदत हवी आहे: मॅडिसन हॅमिल्टनच्या विरोधात नक्की कशामुळे गेला?

अमेरिकेच्या सुरुवातीच्या राजकारणावर कोणी वाचलंय का इथे? मला जेम्स मॅडिसनचं कोडं सुटत नाहीये. १७८७-८८ मध्ये हा माणूस अलेक्झांडर हॅमिल्टनच्या (जो पुढे देशाचा पहिला अर्थमंत्री झाला) खांद्याला खांदा लावून नव्या संविधानाच्या बाजूने पेपरात लेख लिहितो, ८५ पैकी बहुतेक लेख या दोघांचेच, जॉन जे चे फक्त ५, आणि तीनच वर्षांत, १७९१ ला हॅमिल्टन नॅशनल बँकेचं बिल आणतो तेव्हा हाच मॅडिसन काँग्रेसमध्ये उभा राहून म्हणतो की संविधानात असा अधिकारच नाही! राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने जेफरसन (तेव्हाचा परराष्ट्रमंत्री, मॅडिसनचा मित्र) आणि हॅमिल्टन दोघांकडून लेखी मत मागवलं आणि शेवटी सही केलीच. त्यात १७९० ला राज्यांची कर्जं केंद्राने घ्यायची आणि राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची ही सौदेबाजी झालेली, म्हणजे तोपर्यंत तरी मॅडिसन-हॅमिल्टनचं जमत होतं ना?

बरं, हाच गडी पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८१६ मध्ये दुसऱ्या नॅशनल बँकेच्या बिलावर सही करतो 😅 मग १७९१ चा विरोध तत्त्वाचा होता, की त्याच्या स्वतःच्या राज्यातल्या, व्हर्जिनियाच्या मतदारांसाठी, की जेफरसन फ्रान्सहून परत आला त्याचा परिणाम? मला व्हर्जिनियावालं कारण जास्त पटतं पण खात्री नाही, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.