कढ येणं आणि हाय खाणं, फरक काय?

खाडीकाठचा, ऐरोली: बाबा जाऊन दीड महिना झाला. आई रडत नाही, थोडंफार जेवते, सिरीयलपण लावते, पण भाजी निवडता निवडता मधेच थांबते आणि म्हणते "कढ आला रे", मग थोड्या वेळाने परत भाजी. मी समजायचो कढ म्हणजे रडू, पण डोळे तर कोरडेच असतात! उमाळा, हुंदका, कढ एकच का? आणि शेजारच्या काकू परवा हळूच म्हणाल्या "हाय खाल्लीये हिने", तेव्हापासून मला धाकधूक.

नौपाडाकर: क्रियापद बघ. हंबरडा, टाहो आपण फोडतो, आवंढा गिळतो, हुंदका दाबताही येतो. कढ नुसता येतो, आपल्या हातात काही नाही. दूध कढतं त्यातलाच तो. उमाळा झऱ्याच्या पाण्यासारखा, तो मायेचाही येतो.

वाशीची नर्स: आईंचा शब्द एकदम करेक्ट आहे. १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली होती, त्यात माणसं गमावलेल्यांना भेटून एरिक लिंडेमान या डॉक्टरने १९४४ ला लिहिलं की हे लाटेसारखं येतं, वीस मिनिटं ते तासभर टिकतं, घसा आवळतो, उसासे येतात, पोटात पोकळी वाटते. म्हणजे कढच की! गेलेल्या माणसाचा आवाज आल्याचे भासही खूप जणांना होतात, लगेच वेड लागलं म्हणू नका. हाय खाणं वेगळं, त्यात माणूस मनाने खचतो आणि मग तब्येतही उतरते. आणि हो, जबर धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा खरंच फुगतो, जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याला ताकोत्सुबो नाव दिलं, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, आकार तसा दिसतो म्हणून. पाळी गेलेल्या बायकांत जास्त, बहुतेक जण बरे होतात, पण दुखणं थेट हार्ट अटॅकसारखं, त्यामुळे छातीत दुखलं किंवा दम लागला तर "दुःखाने होतंय" म्हणून घरी बसू नका.

खाडीकाठचा, ऐरोली: छातीचं विचारलं, नाही म्हणाली. पण संध्याकाळी सातला, बाबांच्या लोकलच्या टायमाला, लिफ्टचं दार वाजलं की "पोटात कालवतं" म्हणे. आता हे कालवणं कढात धरायचं का वेगळं?

नौपाडाकर: वेगळं. कढ वर येतो, हे आत ढवळतं. लिफ्ट वाजायच्या आधी पाच मिनिटं तू घरी पोचत जा ना.