बायपोलरमधला उतावळेपणा: आजार किती, परिस्थिती किती?

पर्वतीपायथा:
माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाचा चढतो, कधी टोकाचा खचतो असा मानसिक आजार. एकदा मेनियात, म्हणजे मूड चढलेला असताना, त्याने तुळशीबागेतून एका संध्याकाळी नऊ प्रेशर कुकर आणले. एका रिक्षात मावेनात म्हणून दोन रिक्षा केल्या! दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकानदाराच्या हातापाया पडून सात परत केले आणि विषय मिटला. आमच्याकडे काम करणाऱ्या ताई जनता वसाहतीत राहतात. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. त्यानेही असंच भिशीचे पैसे दोन दिवसांत उडवले, वर मित्राला मोबाईल घेऊन दिला. वस्तीत तो 'वाया गेलेला' ठरला. डॉक्टरकडे न्यायला दोन वर्षं लागली, आणि निदान निघालं तेच, बायपोलर.
मला वाटतं, हा उतावळेपणा, हा आवेग आजारातूनच येतो. त्याला नाव काय पडतं आणि तो केवढ्याला पडतो, हे घर ठरवतं.

सबुरी:
पर्वतीपायथा, अर्धंच पटलं. घर नुसतं नाव ठेवत नाही, आवेगात भरही घालतं. लहानपणी मारहाण, हेळसांड सोसलेल्यांमध्ये बायपोलर लवकर सुरू होतो आणि जास्त त्रासदायक ठरतो, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. दारूचंही तेच, ती असली की आवेग आणखी भडकतो. आणि उद्या पैसे हातात राहतील याची खात्री नसेल, तर आजच खर्च करायची सवय लागते. ते सगळं आजाराच्या खात्यावर टाकू नका.

डेक्कनकर:
सबुरी, सपशेल असहमत. मी स्वतः बायपोलर आहे, लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध). सुखवस्तू घर, कधी कोणी हात उगारला नाही. तरी रात्री दोनला व्हॉट्सअॅपवर राजीनामा पाठवून मोकळा झालो होतो. आवेग मोजायला बॅरेटची ३० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. मूड स्थिर असतानाही बायपोलर असलेल्यांचे गुण त्यात सरासरी इतरांपेक्षा जास्त येतात. परिस्थितीकडे बोट दाखवलं की वस्तीतल्या मुलाच्या आजाराला पुन्हा 'संस्कार' म्हणायला लोक मोकळे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ३ वाचा: आर्थिक किंवा सामाजिक दर्जावरून मानसिक आजार ठरवायचा नाही.

सबुरी:
कलम निदानाबद्दल आहे. मी निदानानंतरच्या आयुष्याबद्दल बोलतेय. मारहाणीचा इतिहास विचारलाच नाही, तर नुसत्या गोळ्यांनी किती भागणार? आणि मार काय फक्त वस्तीत बसतो? बंगल्यातही बसतो. मी गरिबांना उतावळे म्हटलेलं नाही.

पर्वतीपायथा:
सबुरी, मारहाणीचा मुद्दा मान्य. ताईंच्या नवऱ्याचा हात चालायचा, हे मी वर लिहायला हवं होतं. पण डेक्कनकर, तुमचं 'परिस्थिती बाजूला ठेवा' मला जमत नाही. लिथियमची पातळी बघायला शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त द्यावं लागतं. रात्री नऊला गोळी, म्हणजे सकाळी नऊला लॅब. माझा भाऊ ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवतो. ताईंच्या मुलाची ती ऐन भाड्याची वेळ, शिवाय ससून या सरकारी हॉस्पिटलातली रांग. त्याने दोनदा तपासणी बुडवली, तर ताईंनाच ऐकावं लागलं, 'तुमच्या मुलाला शिस्त नाही.'

डेक्कनकर:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गोळीची वेळ बदलता येईल का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून बघा. मनाने मात्र बदलू नका, लिथियमची पातळी थोडी वाढली तरी अंगावर येते.

पर्वतीपायथा:
सोमवारी मी ताईंबरोबर जातेय. विचारते.