रॅम 64 जीबी, तरी पोस्टग्रेस दोन दिवसांत स्वॅपमध्ये जातोय, मेमरी जातेय कुठे?

गुलटेकडी_डेव्ह:
नमस्कार मंडळी, मदत हवीये, दोन आठवडे झाले डोकं चालेना. अडत्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो, मार्केट यार्डातले बरेच गाळे त्यावर आहेत. लिनक्स, डेटाबेस पोस्टग्रेस 15, रॅम 64 जीबी, शेअर्ड बफर्स (डेटाबेसच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी) 24 जीबी, कनेक्शनं साधारण 450 आणि ती दिवसचे दिवस उघडीच असतात. रीस्टार्ट मारला की पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशोबाची पावती) क्षणात निघते पण तिसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या गर्दीत त्याच पट्टीला 15-20 सेकंद. दसरा तोंडावर आलाय, झेंडूची आवक सुरू झालीये, काल मी स्वतः फुलबाजारात जाऊन उभा राहिलो तर एका गाळ्यावर प्रिंटरसमोर 11 शेतकरी ताटकळत होते, रात्रभर टेम्पोत बसून आलेली माणसं, पट्टी हातात पडल्याशिवाय निघणार कशी? फार वाईट वाटलं.

क्वेरी प्लॅन (डेटाबेस डेटा कसा शोधतो ते) बदललेले नाहीत, व्हॅक्यूम (जुन्या नोंदींची साफसफाई) नीट चालतोय. पण स्वॅप (रॅम पुरेनाशी झाली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) 6 जीबी भरलाय. आणि सगळ्या प्रोसेसची मेमरी मिळवली, शेअर्ड बफर्स एकदाच धरले, तरी 18-20 जीबीचा हिशोबच लागत नाही. लीक असेल का, म्हणजे कुणी घेतलेली मेमरी परत सोडतच नाहीये असं?

कोथरूडचा_सिसॲडमिन:
स्वॅपिनेस (लिनक्स किती पटकन स्वॅपकडे वळतो तो आकडा) बघा, बाय डिफॉल्ट 60 असतं, 1 करा. आणि ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (लिनक्स आपणहून वापरतो ती मेमरीची मोठी पानं) बंद करून टाका, डेटाबेसच्या मशीनवर ते नकोच.

पानं_मोजणारा:
वरचं दोन्ही करायला हरकत नाही, पण दादा त्याने तुमचे 20 जीबी परत येणार नाहीत. आधी एक बघा, प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो फाईल उघडा आणि त्यात पेजटेबल्स नावाची ओळ किती दाखवते ते इथे टाका. टॉप कमांडमध्ये प्रत्येक प्रोसेसपुढे जी मेमरी दिसते त्यात पेज टेबल धरलेलंच नसतं, म्हणून बेरीज जुळत नाही.

गुलटेकडी_डेव्ह:
1,98,42,316 केबी!! म्हणजे जवळजवळ 19 जीबी. हे आहे काय?

पानं_मोजणारा:
सापडलं मग. लीक नाहीये. कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीची पानं 4 केबीची करतो आणि प्रत्येक पानाची 8 बाइटची नोंद ठेवतो. 24 जीबीची पानं होतात 62,91,456, गुणिले 8 बाइट म्हणजे 48 एमबी. आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस, तेव्हा शेअर्ड बफर्स सगळ्यांचे एकच असले तरी त्यांच्या नोंदींची वही, म्हणजेच पेज टेबल, प्रत्येकाची वेगळी. 450 गुणिले 48 एमबी, 21 जीबी. एका सामायिक गोदामासाठी 450 जणांनी आपापली खतावणी लिहिल्यासारखं आहे हे. ज्या पानाला प्रोसेस हात लावते त्याचीच नोंद होते, म्हणून रीस्टार्टनंतर दोन दिवस बरं चालतं आणि मग वही भरत जाते, तेवढा फाईल कॅश (वाचलेल्या फाईलींची रॅममधली प्रत) आकसतो, शेवटी स्वॅप.

उपाय म्हणजे खरी ह्यूज पेजेस, 2 एमबीची, आधीच राखून ठेवलेली. ट्रान्सपरंटवाली वेगळी, त्यांच्याबद्दल पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशनच सध्या वापरू नका म्हणतं, लोक या दोन्हींची फार गल्लत करतात आणि एक बंद करायच्या नादात दुसऱ्याकडे बघतच नाहीत. 2 एमबीच्या पानांनी 24 जीबीला 12,288 नोंदी पुरतात, प्रत्येक कनेक्शनमागे 96 केबी. नेमकी किती पानं लागतील ते व्हर्जन 15 स्वतः सांगतो, सर्व्हर बंद ठेवून विचारायचं, कारण बफर्सवर थोडी जास्तीची शेअर्ड मेमरी पण लागते. आकडा सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाईलमध्ये टाका आणि मशीन रीबूट करा, चालू मशीनवर मेमरीचे तुकडे झालेले असतात, सलग 2 एमबी मिळतीलच असं नाही. पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेसचं सेटिंग ट्राय असतं ते ऑन करा. ट्रायमध्ये पानं मिळाली नाहीत तर तो गुपचूप 4 केबीवर जातो आणि तुम्हाला महिनाभर पत्ता लागत नाही, ऑनमध्ये सरळ सुरूच होत नाही, ते परवडलं.

हडपसर_बॅकएंड:
450 कनेक्शनं मुळात लागतात कशाला पण? मध्ये पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवा, 40-50 मध्ये काम भागेल. फक्त ट्रान्झॅक्शन मोड (एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला) लावणार असाल तर टेम्पररी टेबलं कुठे वापरलीयेत ते आधी शोधा, ती सेशनला बांधलेली असतात, तिथे गडबड होते.

गुलटेकडी_डेव्ह:
अपडेट. दुपारी बाजार उठल्यावर रीबूट घेतला, 12,600 पानं राखली, सेटिंग ऑन, ट्रान्सपरंट बंद. आज चौथा दिवस, पेजटेबल्स 300 एमबीच्या आत, स्वॅप शून्य. पहाटे परत त्याच गाळ्यावर गेलो होतो, पट्टी बटण दाबताक्षणी बाहेर. सगळ्यांचे मनापासून आभार. टेम्पररी टेबलं हिशोबाच्या रिपोर्टात सापडलीयेत, त्यामुळे पीजीबाउन्सर दिवाळीनंतर, आत्ता सीझनमध्ये हात लावत नाही.