सपाट तळवे: इनसोल घालावेत की व्यायाम करावेत?

अनवाणी
ओला पाय फरशीवर टेकवला की अख्ख्या तळव्याचा ठसा उमटतो, आतल्या बाजूची खाच दिसतच नाही. चवड्यांवर उभं राहिलं की मात्र दोन्ही पायांना कमान येते. वय ३८, दिवसभर उभ्याचं काम. संध्याकाळी तळव्याची आतली कड आणि पोटरी ठसठसते, उजवीकडे जास्त. घरातल्या ४ वर्षांच्या मुलाचेही तळवे असेच आहेत. इनसोल घालावेत का? व्यायामाने कमान तयार होते का? आणि मुलासाठी आत्तापासून काही करायला हवं का?

घोटा_सांधा
ठशावरून फार काही ठरवू नका. तळवा सपाट असणं हा आजार नाही, कित्येकांना त्याचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. खरा प्रश्न पाय लवचिक आहे की ताठर, हा आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान येते, म्हणजे तुमचा पाय लवचिक आहे. आणखी एक खूण बघा: उभं राहून दुसऱ्या कुणाला तरी पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. अंगठ्याला जोडलेला तळव्यातला जाड पट्टा ताणला जातो आणि लवचिक पायात कमान आपोआप वर येते.

उजवीकडे दुखणं जास्त आहे म्हणून अजून एक गोष्ट तपासाच. भिंतीला बोटं टेकवून उजव्या एका पायावर टाच उचला. मागून बघणाऱ्याला टाच वर जाताना किंचित आत वळलेली दिसायला हवी. टाच उचलताच येत नसेल, वळत नसेल, किंवा आतल्या घोट्याच्या मागे-खाली सूज आणि दाबल्यावर दुखणं असेल, तर पोस्टेरियर टिबियल टेंडनवर संशय घ्यावा लागतो. कमान उचलून धरणारी मुख्य कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हीच. मोठेपणी एकाच बाजूचा पाय हळूहळू सपाट होत गेला तर बहुतेकदा कारण हेच असतं. सरळ उभं असताना मागून पाहिलं तर टाचेच्या बाहेर करंगळी आणि फार तर तिच्या शेजारचं बोट दिसतं. एका बाजूला तीन-चार बोटं दिसत असतील तर थांबू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. पाय लवचिक आहे तोवर उपचार सोपे असतात.

पोटरीवाला
व्यायामाने हाडांची ठेवण बदलत नाही. पण पाय भार पेलायला शिकतो आणि दुखणं कमी होतं, त्यामुळे ठशापेक्षा दुखण्यावर लक्ष ठेवा.

सुरुवात पोटरीपासून करा. पोटरी आखडलेली असेल तर चालताना घोटा पुरेसा वाकत नाही आणि ती कसर पायाचा मधला भाग खचून भरून काढतो. भिंतीला हात लावून एक पाय मागे घ्या आणि मागचा गुडघा सरळ ठेवा, ३० सेकंद, ३ वेळा. मग गुडघा किंचित वाकवून तेच. दिवसातून दोनदा. इथे हमखास चूक होते: मागचं पाऊल बाहेर फिरतं, कमान खाली बसते आणि ताण पोटरीऐवजी तळव्यावर जातो. बोटं सरळ पुढे ठेवा आणि पावलाच्या आतल्या कडेखाली घडी घातलेलं कापड सरकवा.

दुसरा व्यायाम कमान आवळण्याचा. खुर्चीत बसा. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, हे तीन बिंदू जमिनीला चिकटलेले हवेत. आता बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढा. पाऊल जेमतेम काही मिलिमीटर आखूड होतं, याहून जास्त हालचाल अपेक्षितच नाही. ५ सेकंद धरा, १० वेळा. बोटांची नखं पांढरी पडत असतील तर तुम्ही बोटांनी जमीन पकडताय. घोट्यासमोर दोरीसारखी कंडरा ठळक उठत असेल तर नडगीचा स्नायू पाय उचलतोय. दोन्ही वेळी जोर निम्म्यावर आणा. बसून नीट जमलं की उभ्याने, मग एका पायावर. टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम सगळीकडे सांगितला जातो, पण त्यात बोटं मुडपणारे लांब स्नायूच जास्त काम करतात.

तिसरा टाचा उचलण्याचा: दोन टाचांमध्ये टेनिसचा चेंडू दाबून धरा, वर जा, ३ सेकंदांत खाली या. १० चे ३ फेरे, एक दिवसाआड. १२ आठवडे नेटाने केल्यावर फरक जोखा.

वर सांगितलेली कंडरा सुजलेली असेल तर हा तिसरा व्यायाम लगेच नको. आधी आधार आणि विश्रांती, मग हळूहळू भार.

टाच_ते_अंगठा
इनसोल चष्म्यासारखा: घातला असेल तोवर आधार. दुखत असेल तर जरूर घाला, दुखत नसेल तर गरज नाही. मापाने बनवून घेण्याआधी तयार, अर्ध-कडक इनसोल वापरून बघा. बऱ्याच जणांना तेवढा पुरतो. कमानीचा उंचवटा हाताच्या अंगठ्याने दाबून पाहा. अंगठ्याखाली तो साफ चेपला तर शरीराच्या वजनाखाली टिकणार नाही. बुटातला मूळ इनसोल काढून मगच नवा घाला, नाहीतर टाच वर येऊन बुटातून निसटते. पहिल्या दिवशी १ तास, रोज तासभर वाढवत न्या. पोटरी आखडलेली असताना कडक, उंच कमान घातली तर तळव्याला ती दगडासारखी बोचते. दोष इनसोलचा वाटतो, पण आधी पोटरी सुटायला हवी.

बूट निवडताना टाचेमागची भिंत चिमटीत दाबा, ती दबता कामा नये. बूट दोन्ही हातांत धरून पिळा, फडक्यासारखा पिळला गेला तर नको. तो वाकावा फक्त बोटांच्या मुळाशी.

बालपाऊल
चार वर्षांच्या मुलाच्या तळव्यात चरबीची गादी असते आणि सांध्यांचे बंध सैल असतात, त्यामुळे सपाट दिसणं स्वाभाविक आहे. कमान साधारण १० वर्षांपर्यंत घडत राहते. खास बूट आणि इनसोल घालून ती लवकर येत नाही: १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते ६ वर्षांच्या मुलांवर तीन वर्षं हे उपाय करून पाहिले, आणि उपचार न केलेल्या मुलांपेक्षा वेगळं काही घडलं नाही. १९९२ सालच्या २३०० मुलांच्या पाहणीत पादत्राणं वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के पाय सपाट आढळले. घरात त्याला अनवाणीच खेळू द्या. दाखवायचं कधी? चवड्यांवरही कमान येत नसेल, एकच पाय सपाट असेल, दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल तेव्हा. ८ ते १६ वयात पाय ताठर होऊन वारंवार मुरगळत असेल तर पायातली दोन हाडं एकमेकांना चिकटून एकसंध झालेली आहेत का, हे तपासावं लागतं.

अनवाणी
उजव्या पायावर टाच उचलता येते आणि आत वळतेही, पण सातव्या-आठव्या वेळेला थकते. डावीकडे २० होतात. सूज नाही.

घोटा_सांधा
मग कंडरा काम करतेय, ताकद कमी आहे. दोन्ही पायांवर वर जा आणि उतरताना भार उजवीकडे घ्या. चेंडू निसटू लागला की तो फेरा तिथेच थांबवा, पुढचे उठाव चुकीच्या स्नायूने होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या घोट्यामागे दुखलं तर फेरे निम्मे करा. एक्स-रेची वेळ आलीच तर उभ्याने, पायावर भार देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्यात कमान किती खचते ते दिसत नाही. आणि कुणाला मधुमेह असून पाय अचानक गरम, लाल, सुजलेला झाला, भले दुखत नसला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. तोवर त्या पायावर भार नको आणि व्यायामही नको.