शब्दचर्चा : हॉल, ॲबी, पार्क, कॅसल – नॉटिंगहॅमच्या आसपासच्या जुन्या घरांना मराठीत काय म्हणावं?

उंबरठा :
इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमभोवतीच्या जुन्या सरदारी घरांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. आधीच्या खर्ड्यात 'वुलटन हॉल'चं 'वुलटन सभागृह' आणि 'न्यूस्टेड ॲबी'चं 'न्यूस्टेड मठ' झालंय. दोन्ही खटकतं. शिवाय 'कंट्री हाउस'ला वाडा, गढी, हवेली, कोठी यांतलं काय चालेल?

चिरेबंदी :
सभागृह आधी काढून टाका. हॉल म्हणजे मुळात धन्याच्या घरातली मोठी खोली. सगळं घरदार तिथंच जेवायचं, गडीमाणसं तिथंच पथारी टाकायची. पुढं खोल्या वाढल्या, पण अख्ख्या घराला नाव त्या खोलीचंच राहिलं. गंमत अशी की आजच्या साध्या इंग्रजी घरात हॉल म्हणजे दारातून आत शिरल्यावरचा बोळ. आपला वन बीएचकेतला हॉल जुन्या अर्थाच्या जास्त जवळ आहे.

वुलटनला ही खोली अजून घराच्या पोटात आहे. सर फ्रान्सिस विलोबीनं १५८० ते १५८८ मध्ये हे घर बांधलं. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा, दगड लिंकनशरमधल्या अँकास्टरचा आणि पैसा विलोबीच्या कोळशाच्या खाणींचा (तोही पुरला नाही, मेला तेव्हा कर्जात होता). आपल्या वाड्यात जिथं चौक असतो, तिथं इथं दिवाणखाना आहे. चारी बाजूंनी खोल्या असल्यामुळे त्याची एकही भिंत बाहेर उघडत नाही. मग उजेड कुठून? दिवाणखाना आजूबाजूच्या छपरांपेक्षा उंच नेला आणि खिडक्या त्या वरच्या भागात बसवल्या. त्याच्याही डोक्यावर आणखी एक खोली आहे, चहूकडचा मुलूख न्याहाळायला. नावात तो 'हॉल' तसाच ठेवा.

पांढरीची माती :
'कंट्री हाउस'च्या प्रतिशब्दाबद्दल :
गढी नको. गढीला बुरूज, जाड भिंती आणि संरक्षणाचा हेतू लागतो. वुलटनच्या चार कोपऱ्यांवर मनोरे आहेत, पण भिंतीत काचाच काचा.
हवेली शहरी वाटते. कोठी म्हटलं की निम्म्या वाचकांना धान्य आठवेल.
राहता राहिला वाडा. तो चालेल, पण वाडा गावठाणात असतो आणि आत चौकाकडे तोंड करून बसतो. ही घरं वस्तीपासून लांब, मोकळ्या रानात, बाहेर तोंड करून उभी असतात. 'रानातला वाडा' म्हटलं तर चित्र बरंचसं जुळतं.

उंबरठा :
आणि ॲबी?

पांढरीची माती :
न्यूस्टेडचं नाव दोनदा फसवतं. राजा दुसऱ्या हेन्रीनं ११७०च्या सुमारास तिथं ऑगस्टीनियन पंथाचा मठ स्थापला. त्याचा प्रमुख 'प्रायर' होता, 'ॲबट' (ॲबीचा प्रमुख) नव्हे. म्हणजे तेव्हाही ती 'प्रायरी'च. १५३९ मध्ये मठ बंद झाला, १५४० मध्ये सर जॉन बायरननं जागा विकत घेतली आणि मठाचं घर केलं. 'ॲबी' हे भारदस्त बिरूद मागाहूनचं. ११७० ते १५३९ या काळाबद्दल लिहिताना 'मठ', नंतर 'बायरन घराण्याचा वाडा'. कवी बायरननं तो नंतर विकला. मठाच्या चर्चची पश्चिमेची दर्शनी भिंत घराला चिकटून उभी आहे. मधल्या भल्या मोठ्या खिडकीत काच नाही आणि मागं चर्चही नाही.

इथं 'वाडा' वुलटनपेक्षा जास्त शोभतो, कारण मठाचा चौक शाबूत आहे आणि खोल्या त्याच्याभोवती आहेत.

जवळच्या रफर्ड आणि वेलबेक या मात्र खरोखरच्या ॲब्या होत्या. नावाच्या शेपटीवरून नियम काढू नका.

चिरेबंदी :
कॅसलचंही तेच. नॉटिंगहॅम कॅसलला 'किल्ला' लिहिलं की वाचक तटबुरूज शोधतो. टेकडीवर आज दिसते ती न्यूकॅसलच्या ड्यूकनं १६७०च्या दशकात बांधायला घेतलेली हवेली. १८३१च्या दंगलीत ती जाळली आणि १८७८ मध्ये तिथं संग्रहालय झालं. (शहरात आहे, म्हणून इथं 'हवेली' बिनधास्त वापरा.)

कुरण :
'पार्क'ला उद्यान नको. हा पार्क म्हणजे कुंपण घालून हरणं राखलेलं रान. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, रमणा. पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची जागा म्हणून त्याचा दुसराच अर्थ लक्षात राहिला, एवढंच. वुलटनच्या रमण्यात आजही हरणं आहेत. क्लंबर पार्कमध्ये तर घरच उरलेलं नाही, ते १९३८ मध्ये पाडलं. तिथं 'क्लंबर वाडा' लिहिलंत तर लोक वाडा शोधत बसतील.

उंबरठा :
वुलटनच्या वर्णनात 'हाहा' येतं. त्याला खंदक लिहू का?

कुरण :
नको. खंदक शत्रूसाठी, हा गुरांसाठी. घराच्या बाजूला सरळसोट भिंत, तिचा माथा हिरवळीच्या पातळीत. पलीकडून जमीन उतरत भिंतीच्या पायथ्याशी येते. घरातून पाहिलं तर हिरवळ थेट रानाला मिळालेली दिसते, पण जनावर पायथ्याशी आलं की पुढं भिंत. दोन गोष्टींनी तो बिघडतो. चरात माती आणि पालापाचोळा साठला की भिंतीची उंची कमी पडते, आणि हरीण गाईपेक्षा उंच उडतं. दुसरं, भिंतीत पाणी झिरपायला ठेवलेली भोकं बुजली की मागची ओली माती रेटते आणि भिंतीला पोट येतं. 'भिंतीचा चर' लिहा, पहिल्यांदा 'हाहा' सोबत द्या.

चिरेबंदी :
स्वयंपाकघराशेजारच्या 'बटरी'चं लोण्याशी नातं जोडू नका. ती पिंपांची खोली, बिअर ठेवायची. 'पँट्री' पावाची.

पांढरीची माती :
ड्यूकांच्या जहागिरी खेटून असल्यामुळे नॉटिंगहॅमशरच्या उत्तर भागाला 'ड्यूकरीज' म्हणतात. 'ड्यूकांचा मुलूख' छान बसेल. आणि पूर्वेला गेलात तर रटलंडच्या ड्यूकचा कॅसल लागतो. स्पेलिंगवरून 'बेल्व्हॉयर' वाटतं, उच्चार 'बीव्हर'. मजकुरात बीव्हरच लिहा. नकाशात शोधणाऱ्यांसाठी एकदा बेल्व्हॉयर द्या.