हॉवरक्राफ्ट सुरुंगावरून 'तरंगत' जातं का?

हॉवरक्राफ्टने भूसुरुंग पेरलेली जमीन ओलांडण्यावरच्या मजकुराचं भाषांतर करतोय. डिक्शनरीत 'हॉवर'ला घिरट्या घालणे दिलंय, पण घिरट्या घार घालते, म्हणून मी 'तरंगत जाते' केलं. चालेल का? आणि माइनफील्डला काय म्हणू?

—

घिरट्या नकोच, पण 'तरंगत'सुद्धा मला खटकतंय, कारण ते वाचलं की वाटतं जमिनीवर भारच नाही. भार असतो हो! पंखा खाली हवा कोंबतो, कडेची रबरी झालर ती धरून ठेवते आणि यानाचं सगळं वजन त्या हवेतून जमिनीवरच येतं, फक्त पसरून येतं. छोट्या हॉवरक्राफ्टखाली दर चौरस सेंटीमीटरला साधारण १०-२० ग्रॅम, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटरच्या चकतीवर एक-दोन किलो. पायदळाविरुद्धचे दाबाचे बरेच सुरुंग ५ ते १५ किलोच्या आसपास उडतात, माणसाचं पाऊल पडलं की संपलंच, म्हणून ही कल्पना सुचते. तेव्हा 'हवेच्या गादीवरून सरकत जाते' लिहा, लांब आहे पण खरं आहे.

माइनफील्डला 'सुरुंग पेरलेला पट्टा' म्हणा. पेरणे हे क्रियापद मराठीत रुळलंय, आणि सुरुंग म्हणजे मुळात भुयार, तटाखाली खणून त्यात दारू ठासायचे, इंग्रजीतल्या माइनचाही प्रवास असाच खाणीतून बॉम्बकडे झालाय.

—

मस्त, गादी घेतो. मग शीर्षकात 'सुरक्षितपणे' ठेवू ना?

—

नका ठेवू, कळकळीने सांगतोय. झालर जमिनीला जवळजवळ घासतच जाते, आडवी तार ताणलेली असेल तर ती अडकून सुरुंग उडेल, दांडीवाला सुरुंग दांडी कलली की उडतो, त्याला दाबाशी घेणंदेणंच नाही. आणि इंजिन बंद पडलं की हवा जाते, झालर बसते आणि अख्खं धूड खाली टेकतं, तेही पट्ट्याच्या मधोमध. 'दाबाचा सुरुंग न उडवता' एवढंच लिहा.

पाणसुरुंगांचा भाग असेल तर तो वेगळा ठेवा, तिथे हॉवरक्राफ्ट खरंच कामाचं, कारण यानाचा तळ पाण्यात बुडत नाही, पाण्याखाली आवाज आणि दाब दोन्ही कमी पोचतात, आणि बऱ्याच पाणसुरुंगांना जहाजाची चाहूल त्यावरूनही लागते. तिथे 'पाण्यावर तरंगत' मात्र चुकूनही नको, नाहीतर वाचणारा होडीच समजेल.